दुरून बंद करा, चालू मात्र जवळ जाऊन!

शेतकरी बंधूंनो, विजेवर चालणारी मोटारगाडी ही आता मुंबई-पुण्याचीच राहिलेली नाही. माझ्या कार्यक्षेत्रातल्या गावांत मिळून आजमितीस अशा चार गाड्या आल्या आहेत. एक डॉक्टरांची, एक शिक्षक पती-पत्नीची, एक दूध संकलन करणाऱ्याची आणि एक द्राक्षबागायतदाराची. पाचवी येऊ घातली आहे. डिझेलचा खर्च पाहता हे होणारच होते आणि ते व्हावे याच मताचा मी आहे. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते वाचून ‘साहेब इलेक्ट्रिक गाडीच्या विरोधात आहेत’ असा अर्थ कोणी काढू नये.

शेतीखात्याच्या माणसाने मोटारीवर का लिहावे, असेही कोणी विचारील. त्याचे कारण असे की, अंगणात उभी करून चार्जिंगला लावलेली गाडी ही मोटारीपेक्षा विहिरीवरच्या पंपाची जास्त सख्खी आहे. एका जागी उभी राहून ती तासन्‌तास वीज ओढते, बहुधा रात्री ओढते, आणि आता तर मोबाईलवरून तिचे चार्जिंग चालू-बंदही करता येते. पंपाच्या बाबतीत हे सगळे आपण भोगून बसलो आहोत. तोच धडा गाडीच्या वेळी पुन्हा पैसे मोजून शिकायचा का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी जरा हिशेब करू. आपल्याकडे जास्त खपणाऱ्या लहान गाड्यांबरोबर जो चार्जर मिळतो तो १५ अँपिअरच्या तीन पिनच्या पॉवर पॉईंटला लागतो आणि साधारण ३.३ किलोवॅट वीज घेतो. आपल्या भाषेत बोलायचे तर एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे गाडीने साडेचार एचपीची मोटर घराच्या सिंगल फेजवर लावली असे झाले. गाडीची बॅटरी २४ युनिटांची असेल तर ती रिकामी झाल्यावर पूर्ण भरायला आठ-नऊ तास लागतात. कंपनीचा माणूस येऊन भिंतीवर मोठा चार्जर बसवून देतो तो ७.२ किलोवॅटचा असतो. ती तर साडेनऊ एचपीच्या वर गेली! ज्या घरात आजपर्यंत चार दिवे, दोन पंखे, टीव्ही, फ्रीज आणि मिक्सर होता, ज्या घराचा मंजूर भार बिलावर अजून एक किलोवॅट लिहिलेला आहे, त्या घरात हे येते. स्कूटरची गोष्ट वेगळी. तिचा चार्जर एक एचपीच्या आसपासचा किंवा त्याहून लहान, त्याची एवढी धास्ती नको.

आता ॲपकडे वळू. गाडी दाखवताना शोरूममधला मुलगा सर्वात आधी काय दाखवीत असेल तर हे ॲप. बॅटरी किती भरली ते कळते. किती वाजता चार्जिंग सुरू व्हावे ते ठरवून ठेवता येते. ऐंशी टक्क्यांवर थांब, असे सांगता येते. काही गाड्यांत बसल्या जागेवरून चार्जिंग बंद आणि पुन्हा चालूही करता येते. उन्हात उभी असली तर बसायच्या आधी आतला एसी लावता येतो. आमच्या बागायतदारांचे वडील म्हणाले, “म्हणजे बैल गोठ्यात आणि हा पुण्यातून वैरण टाकतो!” म्हाताऱ्याने बरोबर पकडले. प्रश्न असा की पुण्यातून वैरण टाकणाऱ्याला गव्हाणीत काय पडले आहे ते दिसत नाही.

मोबाईल स्टार्टर आपल्याकडे काही नवा नाही. सिमकार्ड घातलेली पेटी स्टार्टरला जोडली, मिस्ड कॉल दिला की मोटर चालू. रात्रपाळीची लाईट, थंडी, साप आणि अलीकडे बिबट्या, या सगळ्यात त्या पेटीने शेतकऱ्याचे केवढे काम हलके केले हे मी सांगायला नको. पण त्याच पेटीने काय होऊ शकते हेही आपल्याला ठाऊक आहे. एक भाऊ फूटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरलेला असतो, आणि लाईट आली म्हणून दुसरा भाऊ घरून मोटर चालू करतो. म्हणून जाणता शेतकरी विहिरीत उतरण्याआधी फ्यूजची किटकॅट काढून खिशात घालतो. फोनवर ‘चालू करू नको रे’ असे सांगून तो उतरत नाही. हा नियम कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात छापलेला नव्हता, आपणच तो घालून घेतला.

दुसरा धडा ऑटोस्विचचा. रात्री दहाला लाईट यायची, उठायचा कंटाळा, म्हणून पंपाला ऑटोस्विच. लाईट आली की पंप आपोआप चालू. एकट्याने लावला तोवर ठीक होते. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनीच लावला तेव्हा काय झाले? मोटर सुटताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. शंभर केव्हीएच्या डीपीवरचे वीस पंप एकाच क्षणी सुटले तर डीपीने ते सोसायचे कसे? फ्यूज उडतात, ऑइल तापते आणि एक दिवस डीपीच जळते. मग गहू ओंबीत आलेला असतो आणि गाव नव्या डीपीच्या वाटेकडे डोळे लावून बसते. ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे. या बाबतीत ते खरे सांगत आहेत, मग त्यांच्याविषयी आपली बाकीची गाऱ्हाणी काहीही असोत.

गाडी मोटरसारखा उडी मारून करंट घेत नाही, हळूहळू चढते, हे मान्य. परंतु ती घेते तेव्हा सात-आठ तास घेत राहते. गावठाणाच्या डीपीला पहाटेपर्यंत जो विसावा मिळायचा तो जातो. शिवाय हे सगळे एका फेजवर. गल्लीतल्या दोन गाड्या, दोन एसी आणि पीठगिरणीवाल्याचे घर नेमके एकाच फेजवर असले, तर त्या फेजचे व्होल्टेज बसते आणि बाजूच्या फेजवरच्या माणसाला कळतसुद्धा नाही. लाईट जाऊन परत आली की बऱ्याच गाड्यांचे चार्जिंग आपोआप पुन्हा सुरू होते. हा ऑटोस्विचच झाला की नाही?

ही अडचण काही आपल्या खेड्याचीच आहे असे समजू नका. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ३० जून २०२२ पासून याबद्दल कायद्याचे नियम लागू आहेत. तिथे घरी बसवायला विकला जाणारा नवा चार्जर मुळातच असा लावून द्यावा लागतो की, कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० या गर्दीच्या वेळेत तो स्वतःहून चालू होणार नाही. मालकाला वाटल्यास त्याने बदलावे. आणि दुसरे असे की, ठरलेली वेळ झाली तरी प्रत्येक चार्जरने थोडे थांबून, कोणी दोन मिनिटे तर कोणी नऊ, असे दहा मिनिटांपर्यंत मागेपुढे सुरू व्हायचे. कशासाठी? तर सगळ्यांनी एकाच ठोक्याला उडी घेऊ नये म्हणून. आपण पाण्याची पाळी लावतो तसेच हे. तिकडे विजेचा तुटवडा नसताना ही काळजी घेतात. आपल्या डीपीची दशा आपल्याला माहीतच आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की गावच्या घरात ॲपवरून चार्जिंग बंद करावे, हवे तितक्यांदा करावे. पण घरी पाहणारे कोणी नसताना दुरून चालू करू नये. वेळ लावून ठेवायची असली तर संध्याकाळी स्वतः प्लग लावून, हात फिरवून, मग लावावी. याला कारण भिंतीकडचा प्लग आहे.

गाडीच्या बाजूला जे पिस्तूल लागते, ज्याला गन म्हणतात, ती तशी शहाणी असते. गाडी आणि चार्जर यांचे आपसात बोलणे झाल्याशिवाय तिच्यातून वीज वाहत नाही. ती निसटली तर वीज थांबते. कंपनीने तिथे डोके लावलेले आहे. पण दुसरे टोक आपल्या भिंतीत आहे आणि तिथे डोके आपल्या वायरमनचे आहे! १५ अँपिअर लिहिलेला पॉवर पॉईंट घरात असतो, त्याला आपण इस्त्री लावतो, गिझर लावतो. इस्त्री तापली की बंद होते, गिझर वीस मिनिटांत उरकतो. सलग आठ तास १४-१५ अँपिअर ओढणारे दुसरे यंत्र आपल्या घरात आजवर आलेच नव्हते. सॉकेटच्या पट्ट्या सैल असतील, मागचा स्क्रू ढिला असेल, आतली वायर दीड एमएमची असेल, तर पहिल्या अर्ध्या तासातच प्लग गरम होऊ लागतो. मग काळा पडतो, मग वितळतो. हात लावला तर कळते, नाकाला वास आला तर कळते. ॲपला हात नाही आणि नाकही नाही. ॲपवर ‘चार्जिंग चालू आहे’ एवढेच दिसते. प्लग वितळत असतानाही तेच दिसते.

एक प्रसंग सांगतो, नावे घेत नाही. गाडी घरी, मुलगा तालुक्याला, घरात फक्त म्हातारी आई. चार्जिंग मध्येच थांबले. मुलाने तिकडून चालू केले. पुन्हा थांबले, पुन्हा चालू केले. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी आईनेच फोन केला की ओसरीत रबर जळाल्याचा वास येतो आहे. शेजाऱ्याने मेन स्विच पाडला. सॉकेटची खालची बाजू कोळसा झाली होती आणि एका वावेवर कडब्याची गंजी होती. चार्जर थांबत होता तो उगाच नव्हे. तेव्हा चार्जिंग आपोआप थांबले तर ते का थांबले हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करायचे नाही. पंप वारंवार ट्रिप होत असला तर आपण स्टार्टरच्या बटणावर बोट दाबून धरतो का? (काही जण धरतात, आणि मग मोटर भरायला टाकतात.)

यासाठी खर्च किती आणि काय करायचे? गाडीसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाईन टाकून घ्यावी. १५ अँपिअरच्या चार्जरला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा २० अँपिअरचा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला आपले वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. सॉकेट जाड, औद्योगिक प्रतीचा असला तर उत्तम. मोठ्या चार्जरला याहून जाड वायर लागते, ती कंपनीच्या माणसाने सांगितल्याप्रमाणेच घ्यावी. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, वायरचे गुंडाळे तर नकोच नको, कारण गुंडाळलेली वायर स्वतःच्याच उष्णतेने शिजते. चार्जर गोठ्यात लावू नये. तिथे ओल असते, अमोनियाने पितळ-तांबे खाल्ले जाते, उंदीर वायरी कुरतडतात आणि वैरण जवळ असते. वीज कडाडत असताना प्लग काढून ठेवावा.

आता सर्वात महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. बहुतेक चार्जर अर्थिंग तपासतात आणि ते नसेल तर लाल दिवा लावून बसतात, चालूच होत नाहीत. आमच्या खेड्यातल्या निम्म्याअधिक घरांत तिसऱ्या पिनला वायरच नसते किंवा ती कुठेतरी भिंतीत संपलेली असते. मग काय होते, तर कोणीतरी हुशार सांगतो की ‘न्यूट्रल आणि अर्थला आतून एक तुकडा मारा, दिवा हिरवा होतो’. दिवा खरेच हिरवा होतो. बंधूंनो, ही युक्ती म्हणजे घरात मरण आणून ठेवणे आहे. खांबावरचा न्यूट्रल तुटला किंवा दुरुस्तीच्या गडबडीत फेज-न्यूट्रल उलटे झाले, तर त्याच तुकड्यातून वीज सरळ गाडीच्या पत्र्यावर येते. टायर रबराचे असल्यामुळे ती जमिनीत उतरत नाही, वाट पाहत बसते. सकाळी सडा टाकलेल्या अंगणात अनवाणी येऊन जो दाराला हात लावील, त्याच्यातून उतरते. आणि याही बाबतीत ॲपवर सगळे ठीकच दिसत असते! ज्यांनी असा तुकडा मारला असेल त्यांनी आज संध्याकाळची वाट न पाहता तो काढावा. नवीन अर्थिंग करायला जीआय पाईप, कोळसा, मीठ आणि अर्ध्या दिवसाची खोदाई लागते. अडीच मीटर खोल पाईप गेला पाहिजे. काही लाखांच्या गाडीपुढे हा खर्च किती? बैलजोडी घेणारा माणूस दावणीच्या खुंटाला पैसे नाहीत म्हणत नाही.

दुरून चालवण्यातली आणखी एक बाजू कमी लोकांच्या लक्षात येते. आपण फोनवर बोट लावले की हुकूम थेट गाडीकडे जात नाही. तो आधी कंपनीच्या कुठल्यातरी संगणकाकडे जातो, तिथून मोबाईलच्या टॉवरमार्फत गाडीतल्या सिमकार्डाकडे येतो. गावातली लाईट गेली, टॉवरची बॅटरी संपली, की हुकूम वाटेतच राहतो. म्हणजे ज्या वेळी चार्जिंग तातडीने बंद करायचे असते, नेमके तेव्हा ॲप उपयोगी पडेलच असे नाही. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बायामाणसांना आणि म्हाताऱ्यांना, गाडीचा एमसीबी कुठे आहे आणि तो खाली कसा पाडायचा हे दाखवून ठेवावे. त्यावर लाल रंगाने ‘गाडी’ असे लिहावे.

मधल्या संगणकावर आपला भरवसा किती ठेवायचा, याचे एक उदाहरण २०१६ सालचे आहे. निस्सान कंपनीच्या लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या ॲपमध्ये त्या वर्षी फेब्रुवारीत एक मोठी उणीव उघडकीस आली. ऑस्ट्रेलियातले संगणक सुरक्षेचे जाणकार ट्रॉय हंट यांनी दाखवून दिले की गाडीचा चॅसीसारखा ओळख क्रमांक माहीत असला की पुरे, पासवर्डची गरजच नाही. तेवढ्यावर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून इंग्लंडमधल्या गाडीचा एसी चालू करता आला आणि तिच्या फेऱ्यांची माहिती पाहता आली. तो क्रमांक गाडीच्या काचेत बाहेरून वाचता येतो. कंपनीला ते ॲप काही काळ बंद करावे लागले. तेव्हापासून कंपन्या सुधारल्या आहेत. पण आपल्याकडे कुलूप मजबूत असले तरी किल्ली आपणच वाटतो त्याचे काय? नवीन फोन घेतला की मोबाईल दुकानदाराकडून ॲप चालू करून घ्यायचे, पासवर्ड त्याच्याच वहीत, ओटीपी त्यालाच वाचून दाखवायचा. आणि जुनी इलेक्ट्रिक गाडी विकत घेतली तर आधीच्या मालकाच्या फोनमधून ती काढली आहे का, हे व्यवहाराच्या वेळीच, आरसी बुक हातात घेताना पाहून घ्यावे. नाहीतर गाडी आपल्या दारात आणि लगाम दुसऱ्याच्या हातात.

मग ॲप टाकूनच द्यायचे का? मुळीच नाही. त्यात दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. पहिली वेळ लावण्याची. बऱ्याच गाड्यांत ही वेळ गाडीच्या आतही लावता येते, मग टॉवर असो वा नसो, ती पाळली जाते. अशी सोय असेल तर तीच वापरावी. संध्याकाळी सात ते दहा पूर्ण गावाचा स्वयंपाक, टीव्ही आणि पाण्याची मोटर एकदम चालू असते. त्यात गाडीने शिरू नये. अकरानंतर लावावी, आणि गल्लीत दुसरी गाडी असेल तर दोघांनी बोलून अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. दुसरी गोष्ट अँपिअर कमी करण्याची. काही गाड्यांत किंवा चार्जरमध्ये पंधराऐवजी दहा किंवा आठ अँपिअर निवडता येतात. वेळ जास्त लागेल, पण वायर, सॉकेट, डीपी सगळ्यांना दम मिळेल. ज्याची गाडी दिवसाला पन्नास किलोमीटर फिरते त्याला रोज सात-आठ युनिटेच भरायची असतात. रात्र पुरून उरते. घाई कशाची आहे?

बिलाविषयी थोडे. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या लहान गाडीला चार्जिंगमधली घट धरून दीडशे-एकशेसाठ युनिटे लागतात. घराची नव्वद युनिटे असतील तर वापर अडीचशेवर जातो, आणि शंभर युनिटांनंतरचा दर चांगलाच चढा असतो. शोरूममधला ‘किलोमीटरला अमुक पैसे’ हा हिशेब बहुधा खालच्या दराने केलेला असतो, तो आपल्या बिलावर बसवून पाहावा. डिझेलच्या मानाने तरीही परवडते, पण फरक ऐकला तेवढा नसतो. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसा सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत देण्यास जुलै २०२५ मध्ये सुरुवात झाली. आपल्या बिलावर ती दिसते का ते पाहावे. ज्यांची गाडी दिवसा घरीच असते, त्यांनी रात्रीचा हट्ट सोडून दुपारी लावावी. छपरावर सौर पॅनेल असणाऱ्यांना तर हे फारच सोईचे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरवले गेले. मात्र साधे ऑनग्रीड पॅनेल लाईट गेली की स्वतःही बंद पडते. भारनियमनात त्यावर गाडी भरेल अशी आशा ठेवू नये.

आणि आता ज्याच्याबद्दल लोक मला हळू आवाजात विचारतात ते. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावली तर? एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. पण ती वीज पंपासाठी दिलेली आहे. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणाला वापर केला की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होते, ती लागू दराच्या दुपटीने. आणि वापर कधीपासून सुरू होता हे ठरवता आले नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. तारेवर आकडा टाकला तर ती सरळ कलम १३५ खालची चोरी. याउपर त्या लाईनचे व्होल्टेज असे नाचते की चार्जरचेच वाटोळे व्हायचे. घरच्या कनेक्शनवर स्वतःची गाडी भरायला मात्र कोणाची हरकत नाही, केंद्राच्या वीज मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तसे स्पष्ट केलेले आहे. फक्त मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. ज्या वस्त्या शेतीच्या फीडरवर आहेत त्यांना थ्री फेजच्या वेळेबाहेर दिव्यापुरतीच सिंगल फेज मिळते. त्यांनी गाडी घेण्याआधी वस्ती गावठाण फीडरला जोडली जाणार आहे का याची चौकशी करावी. तोवर गाडी न घेतलेली बरी, असेच मी सांगेन, मग विक्रेत्याला राग आला तरी चालेल.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील मंडळींनाही विनंती आहे. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून किंवा शाळेच्या, समाजमंदिराच्या सॉकेटवरून कोणी गाडी भरत असेल तर ‘आपलाच माणूस’ म्हणून सोडू नये. त्या लाईनीला ना तेवढी वायर, ना अर्थिंग, आणि मुले तिथेच खेळतात. ग्रामपंचायतीने एक साधी वही करावी. गावात गाड्या किती, कोणत्या डीपीवर, कोणत्या फेजवर, चार्जर केवढा. दर सहा महिन्यांनी ती उतरवून शाखा अभियंत्यांना ठरावासह द्यावी आणि पोच घ्यावी. ६३ ची डीपी १०० करायची असेल तर ती जळण्याआधी मागितलेली चांगली. जळाल्यानंतर सगळेच मागतात, आणि रांग लागते. फेजची वाटणी करायला तर नवीन सामानसुद्धा लागत नाही, लाईनमनचा एक दिवस लागतो. ग्रामसभेत हा विषय घेताना गाडीवाल्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ते नियमाने बिल भरणारे ग्राहक आहेत. त्यांच्या नावावर भार वाढला तर गावच्या डीपीची मागणी कागदावर भक्कम होते, हा सर्वांच्याच फायद्याचा भाग आहे.

सध्या उन्हाळा तोंडावर आहे. जमीन वाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात चाललेला चार्जर एप्रिल-मेमध्ये लाल दिवा दाखवू लागतो. तेव्हा वायरमनला ‘तुकडा मार’ म्हणून सांगण्याआधी त्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतावे आणि तासाभराने पुन्हा लावून पाहावे. त्याने नाही जमले तर पाईपची क्लॅम्प गंजली आहे का ते उकरून पाहावे.